ओट्यावरचा ग्रुप

आमच्या घरी पाहुणे जमले आणि चहाला उशीर झाला की मला बाजरीची गोष्ट सांगायला लावतात. गेली वीसेक वर्षं मी ती सांगतोय आणि दरवेळी ती थोडीथोडी माझ्या बाजूला कलत गेली आहे. मागच्या दिवाळीत तर ती अशी झाली की ऐकणाऱ्याला वाटावं, मी नसतो तर जालन्यातलं निम्मं बियाणं पेरणीआधीच बाद झालं असतं. बायको आतून म्हणाली, "मधून मधून खरंही सांगत जा. बदल म्हणून." म्हणून आता लिहून काढतोय. हातात पेन असलं की माणूस कमी फेकतो असं ऐकलंय. बघू.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं असतील. मी जालन्यात बियाण्यांच्या एका कंपनीत होतो. वाटूरजवळच्या आमच्या गावातून बारावी करून आलो, दहा वर्षं माल रवाना करायच्या खात्यात पावत्या फाडल्या, आणि एके दिवशी सेठजींनी बोलावून सांगितलं की कंपनीत कॉम्प्युटर येतोय, तो तू सांभाळ. माझी लायकी दोन गोष्टींची. मला इंग्रजी टायपिंग येत होतं, आणि सेठजींना मी कधी नाही म्हटलं नव्हतं.

"मास्टर," सेठजी म्हणाले, आणि त्या घडीपासून मी मास्टर झालो, "नई बहू समझो. चार दिन सबको देखेगी, फिर सबको चलाएगी."

तेव्हाचा कॉम्प्युटर आतासारखा प्रत्येकाच्या टेबलावर नव्हता. एका थंड खोलीत एक मोठं यंत्र, त्याच्यापासून निघालेल्या वायरी, आणि पाच ठिकाणी पाच काळे पडदे, त्यांवर हिरवी अक्षरं. एक पडदा प्रयोगशाळेत, एक गोदामात, एक सेठजींच्या खोलीत, उरलेले दोन ऑफिसात. पण फायली सगळ्यांच्या त्या एकाच यंत्राच्या पोटात. एकत्र कुटुंबच म्हणा ना. चूल एक, तोंडं पाच.

यंत्र बसवायला औरंगाबादहून एक इंजिनिअर आला होता. दोन दिवसांत त्यानं मला तयार केलं, त्यातला दीड दिवस लाइट नव्हती. उरलेल्या वेळात मला एवढं कळलं की प्रत्येक फाइलला एक मालक असतो आणि एक ग्रुप असतो. मालकाला फाइलीत लिहिता येतं. ग्रुपातल्या माणसांनाही लिहिता येतं. बाकीच्यांनी नुसतं बघायचं. आणि फाइल एका ग्रुपाकडून काढून दुसऱ्याकडं द्यायची असेल तर पाच अक्षरांची एक आज्ञा असते. सी, एच, जी, आर, पी. मग ग्रुपाचं नाव, मग फाइलीचं नाव, आणि एंटर. मधे मोठा आर टाकला तर अख्खा कप्पा, आतल्या सगळ्या कप्प्यांसकट, एका फटक्यात या घरातून त्या घरात.

मला ही आज्ञा फार आवडली. आमच्या गावात बांध वीतभर सरकवायचा तर तीन पिढ्या कोर्टात जातात. इथं पाच अक्षरं. यंत्र कारण विचारत नसे, नक्की का असंही विचारत नसे. झालं म्हणूनही सांगत नसे. मुकाट्यानं पुढच्या ओळीवर जाऊन उभं राहायचं.

"पण ग्रुप करू कोणाकोणाचे?" मी इंजिनिअरला विचारलं.

"जे लोक एकमेकांत काम करतात त्यांचा एक ग्रुप. तुमचं ऑफिस तुम्हालाच माहीत." त्याला तीनची गाडी धरायची होती. तो गेला.

आता माझं ऑफिस मला माहीत होतं हे खरं. पण कोण कोणाच्या कागदाला हात लावतं, कोणी लावायचा आणि कोणी नाही, हे तेव्हा आम्हा कोणालाच धड ठाऊक नव्हतं. ज्याचा हात मोकळा त्यानं काम उचलायचं, अशी रीत. मी वही घेऊन सकाळभर या खोलीतून त्या खोलीत हिंडलो. मन कशावर ठरेना. मग दुपारची सुट्टी झाली, डबे उघडले आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. कोण कोणाबरोबरचं आहे ते तर समोर बसलेलंच होतं की! मी वहीत नावं उतरवून घेतली. सेठजींच्या खोलीशेजारी बसणारे, कांदा-लसूण न खाणारे, त्यांचा एक ग्रुप. गोदामाच्या ओट्यावर बसणारे, भाकरी आणि ठेच्यावाले, त्यांचा दुसरा. त्याचं नाव मी 'ओटा' ठेवलं. आणि जेवायला घरी जाणारे, त्यांचा तिसरा. मी मस्तगडात भाड्यानं राहत होतो, दुपारी घरी जात होतो, म्हणून त्या तिसऱ्यात मी आणि एक वॉचमन एवढेच होतो. तीन आज्ञा टाकल्या, तिन्हींत मोठा आर, आणि कंपनीच्या सगळ्या फायली पंगतीप्रमाणे बसल्या. बायकोला रात्री मोठ्या ऐटीत सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं, लग्नाच्या पंगतीत नावं नव्हती लिहिली. नाहीतर न्हाव्याची फाइल भटजीकडं गेली असती."

मला तेव्हा तो विनोद वाटला.

आता ताई. प्रयोगशाळा ताईंची. परभणीला शेतकीचं शिकून आलेल्या, बदनापूरहून रोज एसटीनं यायच्या. वयानं माझ्याच बरोबरीच्या असतील, पण त्यांच्यापुढं मी शर्ट नीट करून उभा राहायचो. काम असं की प्रत्येक लॉटमधलं चारशे बी मोजून घ्यायचं, ओल्या कागदावर बशीत मांडायचं, जर्मिनेटरच्या कपाटात ठेवायचं आणि शंभरातलं किती उगवतं ते ठरलेल्या दिवशी मोजायचं. तो आकडा त्या यंत्रात भरणार. त्यावरून चिठ्ठी छापली जाणार आणि चिठ्ठीवर ताई सही करणार. सही असेल तर पोतं गोदामाबाहेर, नसेल तर आत. गावोगावचे लोक कंपनीचं नाव विसरायचे, पण "त्या मॅडमच्या सहीचं द्या" म्हणायचे. माझा थोरला भाऊसुद्धा.

प्रयोगशाळेत औषध लावलेलं बी पडलेलं असतं, तिथं घास खायचा नाही हा नियम ताईंचाच. म्हणून त्या डबा घेऊन गोदामाच्या ओट्यावर बसायच्या. म्हणून त्या 'ओटा' ग्रुपात. आणि म्हणून त्यांच्या उगवणीच्या फायलींत गोदामातल्या कोणालाही लिहिता येत होतं. हे मला दीड वर्ष सुचलं नाही. कोणालाच सुचलं नाही, कारण कोणी लिहिलं नाही.

त्यात सेठजींचा हुकूम झाला होता की आता मशीन आहे, डबल लिखाई बंद. रजिस्टरं माळ्यावर गेली. ताई बशीखालच्या चिठोऱ्यावर पेन्सिलीनं आकडा टिपायच्या, यंत्रात भरायच्या, आणि चिठोरं मोडाबरोबर टोपलीत जायचं.

त्या वर्षी पेरणीच्या आधी, मे महिन्यात, बाजरीचे बरेच लॉट एकदम आले. एके शुक्रवारी सकाळी ताई माझ्या थंड खोलीत आल्या. हातात छापलेली चिठ्ठी.

"भाऊ, हा आकडा माझा न्हाई."

चिठ्ठीवर पंच्याऐंशी होतं.

"मी सोमवारी अठ्ठावन्न भरलं होतं. हा लॉट मी अडवलेला आहे. गोदामात हा पास म्हणून थप्पी लावून ठेवलाय, उद्या गाडीत चढणार होता. सहीला कागद आला म्हणून कळलं."

"अठ्ठावन्नच भरलं होतं ना, बराबर?"

ताईंनी माझ्याकडं असं पाहिलं की मी लगेच पडद्याकडं वळलो. फाइल उघडली. पंच्याऐंशी. फाइल शेवटची बदलली बुधवारी. नक्कल मी टेपवर दर शनिवारी घ्यायचो, म्हणजे सोमवारचा आकडा टेपवर नव्हता. मग मी यादी मागितली. हिरव्या अक्षरांत मालक म्हणून ताईंचं नाव आलं, आणि त्याच्या शेजारी ग्रुप: ओटा.

मला ओटा दिसला. ठेचा दिसला. ओट्यावरचे सहा जण डबे उघडून बसलेले दिसले, आणि त्या सहांना ताईंच्या फाइलीत लिहायची मुभा कोणी दिली तेही दिसलं.

"काय दिसतंय?" ताईंनी विचारलं.

"बघून राह्यलो," मी म्हणालो.

तेवढ्यात शिपाई आला. सेठजींनी अर्ध्या तासानं दोघांना बोलावलंय.

ताई गेल्या. तो अर्धा तास मला आजही मिनिटामिनिटानं आठवतो. मी उठलो, बसलो, पाणी प्यायलो, पुन्हा उठलो. पंख्याखाली उभं राहून घाम पुसला, आणि त्या खोलीत तर एसी होता. मनाला सांगत होतो की चूक दिसली तर ती दुरुस्त करायची, यात वाईट काय? प्रयोगशाळेचा ग्रुप वेगळा हवाच होता. मग तो आत्ता केला तर? मी नवा ग्रुप केला, त्यात एकट्या ताईंचं नाव घातलं, पाच अक्षरं टाइप केली, मोठा आर, प्रयोगशाळेचा कप्पा, एंटर. यंत्र मुकाट पुढच्या ओळीवर गेलं. पुन्हा यादी मागितली. मालक ताई, ग्रुप प्रयोगशाळा. जणू पहिल्यापासून असंच होतं. मला बरं वाटलं. खरंच सांगतो, पोटात गार वाटलं.

सेठजींच्या खोलीतही एक पडदा होता. ताईंनी सगळं सांगितलं. सेठजी टेकून ऐकत होते. त्यांना ताईंचा राग होता असं नाही, पण महिनाभर व्यापाऱ्यांचे फोन यायचे की तुमच्या मॅडम फार लॉट अडवतात.

"मास्टर, इस फाइल में कौन कौन लिख सकता है?"

मी यादी पडद्यावर आणली. बोट ठेवून दाखवलं. "फक्त ताई."

दोन अक्षरं पुरली असती, 'आत्ता' एवढी. 'आत्ता फक्त ताई.' मी ती टाकली नाही.

ताई पडद्याकडं बघत राहिल्या. मग हळू म्हणाल्या, "मी पंच्याऐंशी लिहिलेलं न्हाई."

"गलती हो जाती है, ताई. अठ्ठावन का पचासी, उलटा ही तो है."

"माझी न्हाई झाली."

सेठजींनी पेन टेबलावर आडवं ठेवलं. "फिर से लगाओ. सात दिन. मास्टर रोज बैठेगा, साक्षी. अगर पचासी आया तो ताई, साइन किसी और की चलेगी. आप लेबल का काम देख लेना."

"साहेब, सही गेली तर मी इथं काय करू?" ताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "लेबलं चिकटवायला बदनापूरहून यायची गरज न्हाई."

आम्ही बाहेर आलो. व्हरांड्यात ताई मला म्हणाल्या, "तुम्ही तरी काय करणार भाऊ. मशीन जे दाखवतं तेच तुम्ही दाखवणार."

मी मान हलवली. ती मान अजून हलते कधी कधी.

तर असे ते सात दिवस. ताईंनी माझ्यासमोर पोत्यातून नमुना काढला, चारशे दाणे मोजले, मलाही मोजायला लावले. माझे तीनशे सत्त्याण्णव भरले. पुन्हा मोजले, चारशे तीन. ताई हसल्या. "राहू द्या, तुम्ही नुसतं बघा." चार बशा, शंभर शंभर दाणे. कपाटाला लावायची चिठ्ठी मी लिहिली आणि त्यावर सही कोणाची असावी याचा घोळ घालत बसलो. ताई म्हणाल्या, "साक्षीदाराची. तुमची." मी सही केली, ती सुद्धा वाकडी आली.

रोज सकाळी दहाला मी हजर. कपाट उघडायचं, बशा बघायच्या, बंद करायचं. पाच मिनिटांचं काम, पण मी तासभर तिथंच घोटाळायचो. दुपारी पुन्हा एक चक्कर. चार वाजता काही कारण काढून पुन्हा. बाजरी तिसऱ्या दिवशी मोड काढते, तर मी दुसऱ्याच दिवशी भिंग लावून बसलेलो. ताईंना वाटायचं, बिचारा माझ्या काळजीनं येतोय. एकदा त्यांनी मला स्टूल दिलं, पोळी-चटणीचा घास विचारला. बाहेर येऊन, ओट्यावर. मी म्हटलं, भूक न्हाई.

माझा हिशेब साधा होता. बाजरी सत्तावन्न-अठ्ठावन्न आली की ताई खऱ्या ठरतील, सही राहील, आणि माझं तोंड उघडायची पाळीच येणार नाही. बाजरीनंच माझ्यातर्फे बोलावं अशी माझी इच्छा. एखाद्या लॉटचं बी वाईट निघावं म्हणून बियाण्याच्या कंपनीत राहून देवाला साकडं घालणारा त्या जिल्ह्यात मी एकटाच असेन.

घरी मी कुठं टिकेना. चपला घालून बाहेर जायचो, गल्लीच्या टोकाला जाऊन परत यायचो. चहात साखर म्हणून मीठ टाकलं, आणि तो चहा प्यायलोही. बायकोनं कप हातातून काढून घेतला.

"काय झालंय?"

"काही न्हाई. बाजरीचं टेन्शन."

"तुमची बाजरी कुठं आहे? तुम्ही तर पडद्यावर असता."

त्याच आठवड्यात थोरला भाऊ गावाहून आला. बाहेर जीप उभी करून आत टेकला, फेटा मांडीवर. "बाजरीचं चार थैल्या बी ठेव आपल्याला. पण त्या मॅडमच्या सहीचं पायजे. मागल्या साली दुसरीकडचं नेल्तं, निम्मं रान कोरं राह्यलं."

"तिची सही... सध्या जरा थांबलीय," मी म्हणालो.

"का?"

"चौकशी चालू आहे."

"तिची?" भावाला हसू आलं. "अरे, त्या बाईनं माझ्या पुढ्यात सेठला सांगितलं होतं, हे बी मी देणार न्हाई म्हणून. मी उभा होतो तिथं. तिची चौकशी कोण करून राह्यलं?"

मी म्हणालो, मशीन. भाऊ म्हणाला, मशीनीला काय कळतं. बायकोनं मधेच मला पाहिलं. ती कधीकधी अशी पाहते की आपण शर्टाची बटणं तपासावीत.

चौथ्या दिवशी मी जवळजवळ सांगणारच होतो. सेठजींच्या दारापर्यंत गेलो. आत पाहुणे होते. मला इतका आनंद झाला पाहुणे बघून की मी तसाच जिना उतरलो.

सातव्या दिवशी मोजणी झाली. ताई चिमट्यानं एकेक मोड उचलून बाजूला ठेवत होत्या, मी रेघा ओढत होतो. चार बशा मिळून सरासरी आली सत्तावन्न. ताईंनी चिमटा खाली ठेवला, चष्मा काढला, डोळे पुसले आणि पुन्हा घातला. "चला," म्हणाल्या.

मला वाटलं, सुटलो. दोन दोन पायऱ्या चढत गेलो.

सेठजींनी कागद पाहिला. "सत्तावन. मतलब ताई का पहला नंबर सही था." मी हसायला तोंड उघडलं. सेठजींनी कागद उलटा ठेवला. "तो फिर पचासी किसने किया? फाइल में सिर्फ ताई लिख सकती है. मास्टर ने दिखाया. मतलब ताई के ही हाथ से हुआ. सोमवार को सही लिखा, बुध को हाथ लग गया. गाडी निकल जाती तो? कितने गाँव में जाता ये माल? ताई, गिनती आपकी पक्की है, मैं मानता हूँ. लेकिन मशीन पे हाथ पक्का नहीं. साइन मैं भतीजे को देता हूँ. आप गिनो, वो साइन करेगा."

ताई उभ्याच होत्या. त्यांनी पदर खांद्यावर नीट केला.

बाजरीनं तिचं काम केलं होतं. माझं राहिलं होतं.

"सेठजी," मी म्हणालो, आणि माझा आवाज इतका बारीक निघाला की दोघांनी दाराकडं पाहिलं. "फाइल फक्त ताईंची नव्हती. बुधवारी नव्हती. शुक्रवारी सकाळी केली. मी केली. आम्ही तुमच्यासमोर आलो त्याच्या आधी."

"क्या बोल रहे हो?"

मी पडद्यासमोर बसलो. इंजिनिअरनं सांगितलेली आणखी एक यादी असते. फाइलीत शेवटचं कधी लिहिलं हे नेहमीच्या यादीत दिसतं, पण फाइलीच्या मालकीत, ग्रुपात, हक्कात शेवटचा बदल कधी झाला हे दुसऱ्या यादीत दिसतं. मला ती माहीत होती. सात दिवस माहीत होती. ती पडद्यावर आणली. शुक्रवार, सकाळ, आम्हाला बोलावणं आल्यानंतर दहा मिनिटं.

मग पंगतीचं सांगितलं. वही घेऊन डब्यांतून कसा हिंडलो ते. ओट्यावरचे सहा जण ते. सेठजी ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग यायचा की हसू ते ठरत नव्हतं.

"खाने के हिसाब से?"

"जी."

"मेरी फाइल किस में है?"

"कांदा-लसूण न खाणाऱ्यांत."

ताई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडं बघत म्हणाल्या, "सात दिवस तुम्ही माझ्या शेजारी स्टुलावर बसला होतात."

पाहुण्यांना सांगताना ताईंचं हे वाक्य मी नेहमी गाळतो.

राहता राहिला प्रश्न, लिहिलं कोणी. तो त्याच दुपारी सुटला. आमचे गोदामवाले मामा, पन्नाशीचे, अख्ख्या कंपनीचे मामा, पण तीर्थपुरीला खरोखरच्या भाचीचे मामा, लग्न उरकून आठवड्यानं परतले. बुंदीचं पुडकं घेऊन ते थेट सेठजींच्या खोलीत आले आणि सगळ्यांची तोंडं बघून दारातच थबकले.

"काय झालं? कोण वारलं?"

सेठजींनी चिठ्ठी पुढं केली. मामांनी ती दूर धरून वाचली.

"हां, ही. ही मीच सरळ केली. ताई त्या दिवशी चष्मा घरी विसरून आल्त्या ना? याच्या आधीचे तिन्ही लॉट पंच्याऐंशी, सत्त्याऐंशी, आन् हा अठ्ठावन्न? म्हटलं आकडे उलटे पडले असतील. ताईंना कशाला तरास, म्हणून जल्दी करून टाकले. भाचीला हळद लागायची होती, घाई होती." मग ताईंकडं वळून, "का वो ताई? चुकलं का काय?"

मामांना कोणी काही बोललं नाही. बोलणार काय? ओट्यावर ताईंच्या डब्याचं झाकण निघेना तर ते मामाच उघडून द्यायचे. मी त्यांना फाइल उघडून दिली होती.

सही ताईंकडंच राहिली. तो लॉट गोदामातून मागच्या दारानं बाजूला काढला, औषध लावलेला म्हणून खड्ड्यात पुरला. रजिस्टरं माळ्यावरून खाली आली. ते ताईंनी मागितलं आणि सेठजींनी हो म्हटलं. ताईंनी आणखी एक गोष्ट मागितली. यंत्राच्या सगळ्या कुलपांची एक किल्ली असते, एक परवलीचा शब्द, ज्याच्याकडं तो आहे तो कोणाचीही फाइल कुठंही देऊ शकतो. दीड वर्ष तो माझ्याकडं होता. तो ताईंनी मागितला.

सेठजी म्हणाले, "दे दो."

ताईंनी मला थंड खोलीत भिंतीकडं तोंड करून उभं केलं आणि शब्द बदलला. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. मागं कीबोर्डची बटणं वाजत होती, सावकाश, एकेक.

पुढची तीन वर्षं, कंपनीनं ते यंत्र मोडीत काढेपर्यंत, फाइलचा ग्रुप बदलायचा म्हणजे मी प्रयोगशाळेच्या दारात जायचो. ताई मान वर न करता विचारायच्या, "कोणती फाइल? कोणाकडून कोणाकडं?" मी सांगायचो. "का?"

पहिल्या वेळी मी कारण सांगायला सुरुवात केली. मग त्या कारणाचं कारण. मग इंजिनिअरनं काय सांगितलं होतं ते. ताईंनी बशी खाली ठेवली.

"भाऊ, एका वाक्यात."

मी विचार केला. पाय बदलून उभा राहिलो. मग म्हणालो, "पहिल्यांदा मी चुकीची दिली होती म्हणून."

त्या उठल्या, हात धुतले आणि माझ्याबरोबर थंड खोलीत आल्या.